लोकवैद्य रूडोल्फ फिरखो

१८४८ सालचा आरंभ होता. प्रशियाच्या राज्यातील अप्पर सायलेशिया प्रांतात दुष्काळ पडला होता व त्याच्या पाठोपाठ प्रलापक ज्वराची साथ आली होती. हजारो माणसे मृत्युमुखी पडत होती. साथीची पाहणी करण्यासाठी सरकारने बर्लिनहून एक सव्वीस वर्षांचा डॉक्टर पाठविला. त्याचे नाव रूडोल्फ फिरखो.

फिरखोंचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनियातील शिव्हेलबाइन या लहानशा गावी झाला. घरची स्थिती बेताचीच होती. परंतु बुद्धी तीव्र असल्यामुळे सरकारी खर्चाने बर्लिन येथे त्यांना वैद्यकाचे शिक्षण घेता आले.

सायलेशियात त्यांच्या दृष्टीस पडल्या त्या कोंदट झोपड्या आणि त्यांत दाटीवाटीने राहणारी उपाशी कुटुंबे. हे लोक पोलिश भाषा बोलत, तर कारभार जर्मन भाषेत चाले. ज्या रोगाला दारिद्र्य आणि अज्ञान यांचे पाठबळ आहे, तो केवळ औषधाने हटणार नाही, हे फिरखोंनी ओळखले. शिक्षण, रस्ते, न्याय्य कर आणि लोकांच्या हाती कारभार, असे उपाय त्यांनी आपल्या अहवालात निर्भीडपणे सुचविले. हा ज्वर उवांमुळे पसरतो, हा शोध पुढे १९०९ साली लागला. तरीही त्यांनी सांगितलेले मूळ खोटे ठरले नाही.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये क्रांतीचा उठाव झाला. फिरखो लोकांच्या बाजूने उभे राहिले. सरकारची इतराजी झाली आणि १८४९ मध्ये त्यांना बर्लिन सोडून वुर्ट्सबुर्ग येथे जावे लागले. तेथे त्यांनी अखंड संशोधन केले. शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते, प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते आणि पेशींतील बिघाड म्हणजेच रोग, हा सिद्धांत त्यांनी १८५८ साली ग्रंथरूपाने मांडला. तोपर्यंत बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलाविले होते.

परंतु प्रयोगशाळेत त्यांचे मन पुरते रमेना. १८५९ मध्ये ते बर्लिनच्या नगरसभेत आणि १८६२ मध्ये प्रशियाच्या विधिमंडळात निवडून गेले. पंतप्रधान बिस्मार्क विधिमंडळाची संमती न घेता सैन्यावर खर्च करीत. फिरखोंनी त्यांना कसून विरोध केला. १८६५ मध्ये संतापलेल्या बिस्मार्कांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखोंनी ते शांतपणे नाकारले. विरोध मात्र सोडला नाही.

बर्लिनचे सांडपाणी त्या काळी उघड्या गटारांतून वाहत असे. फिरखोंच्या आग्रहाने शहरात भुयारी गटारे बांधली गेली आणि ते पाणी शहराबाहेरील शेतांकडे नेण्यात आले. मांसाची तपासणी व शाळांतील आरोग्य यांकडेही त्यांनी लक्ष पुरविले.

त्यांच्याही चुका झाल्या. रोगजंतूंच्या नव्या सिद्धांताकडे ते दीर्घकाळ संशयाने पाहत राहिले. तथापि लोकांनी त्यांच्यावरील विश्वास ढळू दिला नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी ते निधन पावले, तेव्हाही ते विधिमंडळाचे सदस्य होते. सायलेशियातील झोपड्यांत तरुणपणी जे पाहिले, त्यावरील इलाज ते चाळीस वर्षे कायद्याच्या मार्गाने शोधीत राहिले.