फ्रॉइड यांचा सिगार

व्हिएन्नातल्या बेर्गगासे १९ या घरी १९०२ पासून दर बुधवारी संध्याकाळी डॉक्टर मंडळी जमत. काळी कॉफी, टेबलावर सिगार आणि खोलीभर कोंदलेला धूर. यजमान होते मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड.

१८५६ साली जन्मलेल्या फ्रॉइड यांनी चोविशीत सिगारेट ओढायला सुरुवात केली, मग ते सिगारकडे वळले. ऐन भरात दिवसाला सुमारे २० सिगार होत. ऑस्ट्रियात तंबाखूवर सरकारी मक्तेदारी होती. तिथला सौम्य ‘त्राबुको’ हा रोजचा, पण मन रमे ते ‘डॉन पेद्रो’त. सिगार ओढल्याशिवाय लिहिणं सुचत नाही, अशी त्यांची खात्री होती.

सिगारचे शौकीन धूर छातीत ओढत नाहीत. तोंडात घोळवतात, चव घेतात आणि सोडून देतात. त्यामुळे सिगार निरुपद्रवी, असा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. सिगारचा धूर बराचसा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतं. चटक लागायला तेवढं पुरतं. धुरातली कर्करोगकारक द्रव्यंही त्याच अस्तराला लागत राहतात.

१८९४ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित झाले. मित्र डॉ. विल्हेल्म फ्लीस यांनी सिगार बंद करायला सांगितलं. काही आठवडे बंद झाले, पुन्हा सुरू झाले. इतरांच्या मनाचे पदर उलगडणाऱ्या माणसाला स्वतःची ही सवय मात्र सुटली नाही.

१९२३ च्या सुरुवातीला उजव्या टाळूवर पांढरट चट्टा दिसला. आपल्याकडे तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातही असा चट्टा येतो आणि तो दुखत नसल्यानेच अंगावर काढला जातो. फ्रॉइड यांनीही दोनेक महिने काढले. सिगार बंद करायला सांगतील, ही धास्ती होतीच. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची आहे हे डॉक्टरांनी त्यांच्यापासून लपवलं. ऑक्टोबरमध्ये डॉ. हान्स पिचलर यांनी वरच्या जबड्याचा आणि टाळूचा उजवा भाग काढला. त्या जागी कृत्रिम टाळू बसवली. ती सतत टोचायची. बोलणं अस्पष्ट झालं, उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं.

पुढच्या १६ वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तरी सिगार चालूच. जबडा उघडेना तेव्हा कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दातांत फट करून ते सिगार धरत.

१९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडायची वेळ आली. साठवलेले चांगले सिगार त्यांनी धाकटा भाऊ अलेक्झांडर याला देऊन टाकले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये, वेदना असह्य झाल्यावर, त्यांच्याच इच्छेनुसार डॉ. मॅक्स शुर यांनी मॉर्फिन दिलं आणि त्यांचं निधन झालं.