जाऊ मी सिनेमात?

मैत्रिणींनो, आमच्या उरणच्या बाजारात परवा एक ओळखीची बाई भेटली. पिशवीत वालाच्या शेंगा, हातात मोबाईल आणि चेहरा चिंतेने एवढासा झालेला. तिची मुलगी बारावी झाली, शाळेत-कॉलेजात नाटकांतून कामं केली, बक्षिसं मिळवली. आता तिला सिरियलमध्ये जायचंय. कुणीतरी ओळखीचा ओळखीचा निघाला, त्याने फोनवर सांगितलं की आधी कार्ड काढावं लागेल, त्याचे एवढे एवढे पैसे द्या, मग काम नक्की. पैसे द्यावेत का, आणि मुळात पोरीला पाठवावं का, हे दोन प्रश्न घेऊन ती माझ्यासमोर उभी.

पूर्वी आपल्याकडच्या बाईला मुंबई म्हणजे मोऱ्याहून लाँच, भरती-ओहोटी बघायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पावसाळ्यात तर जीव मुठीत. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतूही सुरू झाला. गोरेगाव आता काही परदेश राहिलं नाही. रस्ता सोपा झाला, पण आईच्या मनातला प्रश्न काही सोपा झाला नाही!

तिच्याशी बोलताना मला एक जुनं पुस्तक आठवलं. नाव 'जाऊ मी सिनेमात?' आलं कधी, तर १९४० साली. लिहिणारी कोण, तर त्या काळची सगळ्यांत गाजलेली नटी, शांता आपटे. आपल्या आजींना विचारा. 'कुंकू'मधली नीरा म्हटलं की त्यांना लगेच ओळख पटेल. पण पडद्यावरच्या नीरेइतकीच पडद्यामागची शांताबाई जिद्दीची होती, हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटजवळच्या दुधनीचा. वडील स्टेशनमास्तर. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच साधं नोकरदाराचं घर. पण घरात गाण्याची आवड होती आणि लेकीचा गळा गोड. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिचं गाण्याचं शिक्षण झालं. मेळ्यांतून, उत्सवांतून ही चिमुरडी गायची. थोरला भाऊ बाबूराव पाठीशी होता, आणि डोक्यावरही होता! तिच्या कामाचं सगळं तोच पाही आणि त्याची शिस्त कडक होती.

तो काळ लक्षात घ्या हं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला एकही बाई मिळाली नव्हती. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाने साडी नेसून ते काम केलं. त्यानंतर दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या, पण चांगल्या घरची मुलगी सिनेमात जाते म्हटलं की अजूनही नाकं मुरडली जात. १९३२ मध्ये दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा'त आल्या आणि थोडी वाट मोकळी झाली. त्याच साली पुण्याच्या सरस्वती सिनेटोनचा 'श्यामसुंदर' आला, दिग्दर्शक भालजी पेंढारकर. त्यात शाहू मोडक कृष्ण आणि शांता आपटे राधा. शांताचं वय तेव्हा पंधरा-सोळाच्या घरात.

मग ती 'प्रभात'मध्ये आली. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली होती. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये शांता सुमित्रा झाली आणि तिची गाणी घरोघर पोचली. तोवर पडद्यावर गाणं म्हणजे नट-नटी खांबासारखे उभे राहून गात. सगळं लक्ष सुराकडे, चेहरा कोरा. शांता मात्र गाता गाता डोळ्यांनी बोलायची, हातांनी बोलायची. गाणं चालू असताना अभिनय थांबत नसे. संगीतकार केशवराव भोळे यांच्या हाताखाली तिचं हे वेगळेपण आणखी खुललं. 'अमरज्योती', 'राजपूत रमणी' असे चित्रपट एकामागून एक आले.

आणि १९३७ मध्ये आला 'कुंकू'! हिंदीत तोच 'दुनिया न माने'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी काढलेला. पोरक्या नीरेला मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. वकिलाचं काम केशवराव दात्यांचं. लग्न लागलं, पण नीरा हे लग्न मानायलाच तयार नाही. ती रडत बसत नाही, विहीर जवळ करत नाही. घरात राहून ठामपणे नाही म्हणते. सावत्र मुलगा वाह्यातपणा करतो तेव्हा त्याला छडीने बडवते. शेवटी त्या म्हाताऱ्यालाच आपली चूक उमगते. ज्या काळात जरठ-बाला विवाह घडत होते आणि मुलीला विचारायची पद्धत नव्हती, त्या काळात थिएटरातल्या बायकांना हे बघून काय वाटलं असेल, कल्पना करा. सिनेमात पार्श्वसंगीत नाही, नुसते घरातले आवाज. शांताने त्यात लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही गाऊन म्हटली. मराठी घरातली सून इंग्रजी गाते, हेसुद्धा नवलच!

पुढच्याच वर्षी 'गोपाळकृष्ण' आला, त्यात ती पुन्हा राधा. नाव, प्रसिद्धी, सगळं पायाशी. मग बिनसलं कुठे?

इथे त्या वेळची पद्धत समजून घ्यायला हवी. आजच्यासारखं एका सिनेमाचे एवढे पैसे असं तेव्हा नसायचं. नट-नट्या म्हणजे कंपनीचे महिन्याचे पगारी नोकर. करारावर सही केली की कंपनी सांगेल ते काम करायचं. मालकाच्या परवानगीशिवाय बाहेर काम करायचं नाही. कंपनीजवळ दुसरा सिनेमा तयार नसेल तर बसून राहायचं. पोस्टरवर चेहरा तिचा, तिकिटं खपायची तिच्या नावावर, पण करारातला शब्द मालकाचा. आणि नटांची बाजू घेऊन बोलेल अशी भक्कम संघटना आपल्याकडे उभी राहिलेली नव्हती. तिकडे हॉलिवूडमध्ये १९३३ साली स्टुडिओंनी पगार कापले तेव्हा नटांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना बांधली. आपल्याकडे नटी एकटीच!

एकटी पडलेल्या शांताबाईंनी मग जे केलं त्याने सगळं पुणं हादरलं. १९३९ च्या जुलैमध्ये पगार आणि करारावरून 'प्रभात'शी वाद झाला, आणि ही बाई स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसली! हो, तीच, जिच्या एका दर्शनासाठी लोक रांगा लावत. अन्न वर्ज्य करून कंपनीच्या दारातच मुक्काम. बघायला गर्दी लोटली, वर्तमानपत्रांत मोठाल्या बातम्या आल्या. कुणी म्हणालं, हट्टी आहे. कुणी म्हणालं, प्रसिद्धीसाठी नाटक करते. कंपनीची बाजूही होती, पुढे शांतारामबापूंनी ती आपल्या परीने मांडली. त्या वादात कोण किती बरोबर याचा निवाडा आज आपण नाही करू शकत. पण आपल्या कामाचा मोबदला हे मालकाचं दान नाही, तो आपला हक्क आहे, हे एका नटीने भर रस्त्यावर सांगितलं ही गोष्ट उरतेच. उपोषण संपलं आणि 'प्रभात'शी तिचा संबंधही संपला.

आपल्या उरणकरणींना यात काही नवल वाटू नये. १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आपल्या तालुक्यातला. १९८४ साली जासईला जमिनीसाठी माणसं उभी राहिली, त्यात बायका काही मागे नव्हत्या. धरणं, उपोषण, युनियन हे शब्द आपल्या घरात भाकरी थापता थापता बोलले जातात. शांताबाईंच्या मागे मात्र ना गाव होतं, ना युनियन. म्हणून तिचं धाडस मला जास्त मोठं वाटतं.

या अनुभवानंतर वर्षभरातच 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. एवढ्या मोठ्या नटीचं पुस्तक म्हटल्यावर लोकांना वाटलं असेल, आता गोड गोड आठवणी वाचायला मिळणार. पण शांताबाईंनी सिनेमाकडे कारखाना म्हणून पाहिलं. इथे भांडवल कुणाचं, घाम कुणाचा, आणि नफा कुणाच्या खिशात जातो, याची चर्चा केली. दिव्यांच्या उष्णतेत तासन् तास उभं राहून शरीराची होणारी झीज तिने श्रम म्हणून मोजली. नट, नटी, कामगार सगळे एकाच यंत्राला जुंपलेले, असं तिचं म्हणणं. पडद्यावर यायला आसुसलेल्या तरुण मुलींनी हे माहीत करून घेऊन मग ठरवावं, असा सगळा सूर. एका नटीने १९४० साली इतका रोखठोक विचार मांडावा, याचं आजचे अभ्यासकही कौतुक करतात.

बरं, कंपनी सुटली म्हणून शांताबाई घरी बसल्या का? मुळीच नाही! १९४१ मध्ये त्यांनी 'सावित्री' हा तमिळ चित्रपट केला. त्यासाठी तमिळ भाषा शिकल्या. त्यात त्या सावित्री होत्या आणि नारदाचं काम केलं होतं साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी! पुढे 'जमीनदार', 'दुहाई', 'सुभद्रा', 'मंदिर', 'स्वयंसिद्धा' असे हिंदी आणि 'जागा भाड्याने देणे आहे'सारखे मराठी चित्रपट केले. मुंबई, लाहोर, मद्रास इथल्या सिनेमावाल्यांशी स्वतःच्या अटींवर बोलणाऱ्या त्या काळच्या मोजक्या नट्यांपैकी त्या एक. एका नावाजलेल्या संपादकाने अद्वातद्वा लिहिलं तर त्याच्या कचेरीत जाऊन त्याला छडीचा प्रसाद दिला, असा किस्सा सिनेमावाल्यांत सांगितला जाई. खरं-खोटं देव जाणे, पण पडद्यावरच्या नीरेला शोभेल असाच आहे, नाही का?

पन्नासच्या दशकात मात्र कामं कमी झाली. पौराणिक चित्रपटांत त्या अधूनमधून दिसत. काही महिन्यांच्या आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी अंधेरीला त्यांनी डोळे मिटले. वय अवघं ४७. त्यांच्या कन्या नयना आपटे यांना आपण मराठी रंगभूमीवर आणि मालिकांत पाहिलंच आहे.

शांताबाई ज्यासाठी एकट्या बसल्या, ते पुढे हळूहळू घडलं. १९५६ मध्ये सिनेमातल्या वेगवेगळ्या कामगारांच्या संघटनांचा महासंघ झाला. १९५८ मध्ये नटांची संघटना नोंदली गेली, आज आपण तिला 'सिंटा' म्हणून ओळखतो. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. पैसे थकले, तास वाढवले, करार मोडला तर तक्रार घेऊन जायला दार आहे. शिवाय २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी बाईचा छळ झाला तर दाद मागता येते, आणि सेट ही पण कामाचीच जागा!

म्हणून त्या ओळखीच्या बाईला मी एवढंच सांगितलं. पोरीला अडवू नकोस, पण डोळे झाकूनही पाठवू नकोस. युनियनचं कार्ड म्हणजे कामाची हमी नव्हे, आणि ते मधल्या माणसाकडून विकत घ्यायची वस्तूही नव्हे. सभासद व्हायचे नियम काय, फी किती, हे संघटनेच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारायचं आणि पैसे भरले की पावती घ्यायची. काम देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार. कागदावर सही करण्याआधी तो कागद घरी आणून दोघींनी वाचायचा, कळला नाही तर जाणत्याला दाखवायचा. पहिल्या काही वेळा सोबत जायचं. आणि शिक्षण सोडायचं नाही.

तिने मान हलवली. त्या माणसाचा फोन आला तर काय सांगायचं, हे तिचं ठरलं होतं. जाता जाता म्हणाली, की लेकीला आज रात्री 'कुंकू' दाखवते, मोबाईलवर मिळाला तर बघू.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादी सोनपरी आरशासमोर डायलॉग म्हणत असेल. तिला शांता आपट्यांची ही गोष्ट जरूर सांगा. 'जाऊ मी सिनेमात?' या प्रश्नाचं उत्तर तिचं तिलाच शोधू द्या. फक्त ते शोधताना आपली किंमत आपण ठरवायची असते, एवढं तिच्या पदरात बांधून द्या.