स्मरण : शाळेने काढलेला मुलगा आणि छातीच्या आतलं चित्र

फुप्फुसाच्या कॅन्सरवर केमो सुरू झाली की घरच्यांचा एकच प्रश्न असतो, औषध लागू पडतंय का? दोन-तीन सायकल झाल्या की डॉक्टर सीटी स्कॅन करायला सांगतात. जुन्या आणि नव्या स्कॅनवरच्या गाठी मिलिमीटरमध्ये मोजल्या जातात. निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के किंवा जास्त घटली, तर उपचारांना प्रतिसाद आहे असं धरतात. सगळ्यात कमी मापापेक्षा २० टक्के आणि निदान ५ मिलिमीटर वाढली, तर आजार पुढे सरकलाय, औषध बदलायचा विचार होतो.

या मोजमापाची सुरुवात ज्याच्यापासून झाली, तो विल्हेल्म रॉन्टगेन. जन्म २७ मार्च १८४५, जर्मनीतल्या लेनेप गावी. वडील कापडाचे व्यापारी. हॉलंडमध्ये शिकताना एका शिक्षकांचं व्यंगचित्र वर्गात सापडलं. काढलं दुसऱ्यानेच, पण शाळेतून गेला रॉन्टगेन. त्याने हार मानली नाही. झुरिचला प्रवेशपरीक्षा देऊन इंजिनिअरिंगला गेला आणि १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी व्युर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत काळ्या कागदाने झाकलेली नळी चालू होती, तरी लांबचा पडदा चमकला. किरण अनोळखी, म्हणून नाव दिलं एक्स. २२ डिसेंबरला पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसली.

पुढे छातीचे एक्स-रे निघू लागले. पण त्यात बरगड्या आणि हृदयाची सावली एकावर एक येते, गाठीतला लहानसा फरक सुटतो. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. किरण तेच, फक्त चारी बाजूंनी फिरवून कॉम्प्युटरने जुळवलेले.

१९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल रॉन्टगेनला मिळालं. बक्षिसाची रक्कम त्याने विद्यापीठाला दिली. पेटंट घेतलंच नाही. महायुद्धानंतरच्या महागाईत त्याची बचत आटली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये तो गेला, तोही आतड्याच्या कॅन्सरने.

स्कॅनचा खर्च आजही अनेक घरांना जड जातो. पण त्या बिलात रॉन्टगेनच्या हक्काचा एक पैसाही कधी लागला नाही.