कुरुमानचे मॉफट दांपत्य

आफ्रिका खंडाच्या अंतर्भागात हिंडणारे डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव आमच्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु त्यांचे सासू-सासरे कोण होते असे विचारले, तर वर्ग गप्प बसतो. लिव्हिंग्स्टनसाहेब आफ्रिकेत उतरले त्याच्या वीस वर्षे आधी एका जोडप्याने त्या देशाच्या एका कोपऱ्यात संसार थाटला होता, आणि त्यांच्याच घरी त्या तरुण डॉक्टरास पुढे आसरा मिळाला. त्या रॉबर्ट व मेरी मॉफट यांच्या कुटुंबाची हकीगत आम्ही यंदा सांगणार आहो. पुष्कळ पुस्तकांतून साहेबांची कामे विस्ताराने येतात व बाईंचे नाव एखाद्या ओळीत उरकले जाते. आम्हांस ही वाटणी न्यायाची वाटत नाही.

रॉबर्ट यांचा जन्म 21 डिसेंबर 1795 रोजी स्कॉटलंडातील ऑर्मिस्टन या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची, त्यामुळे शाळा थोडकीच झाली. हिवाळ्याच्या रात्री आई मुलांस जवळ बसवून दूरदूरच्या बर्फाळ प्रदेशांत काम करणाऱ्या मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या गोष्टी वाचून दाखवी, आणि ऐकता ऐकता मुलगे विणकाम व शिवणकाम शिकत. मुलग्यांनी सुई हाती धरावी हे आमच्यातील काही पालकांस रुचणार नाही. पण पुढे अरण्यात एकट्याने राहण्याची वेळ आली तेव्हा रॉबर्ट यांस ही विद्या फार उपयोगी पडली. मोठेपणी त्यांनी माळीकाम पत्करले. इंग्लंडात डकिनफील्ड येथे जेम्स स्मिथ नावाच्या गृहस्थांच्या रोपांच्या बागेत ते चाकरीस राहिले. मालकांची कन्या मेरी ही मोरेव्हियन लोकांच्या शाळेत शिकलेली होती. दोघांची मने एकाच ओढीची निघाली, व विवाहाचे ठरले.

तथापि मुलीस आफ्रिकेत पाठविण्यास आईबापांनी साफ नकार दिला. त्या काळी तिकडे गेलेले माणूस पुन्हा दृष्टीस पडेल याचा भरवसा नसे, म्हणून त्यांस कोण दोष देईल? लंडन मिशनरी सोसायटीने रॉबर्ट यांस 1816 साली पसंत केले आणि ऑक्टोबर महिन्यात ते एकटेच जहाजावर चढले. मेरी घरीच राहिली. तिने आईबापांशी भांडण केले नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही. अखेर त्यांचे मन द्रवले, आणि 1819 साली ती एकटी समुद्रपार गेली. 27 डिसेंबर 1819 रोजी केपटाउन येथे त्यांचे लग्न लागले.

मधल्या काळात रॉबर्ट यांनी नामाक्वा लोकांच्या मुलखात आफ्रिकानर नावाच्या एका सरदाराजवळ काम केले होते. हा मनुष्य एके काळी असा दांडगा होता की वसाहतीच्या सरकारने त्याच्या शिरावर बक्षीस लावले होते. तो निवळला हे लोकांस खरे वाटेना, म्हणून रॉबर्ट त्यास 1819 मध्ये आपल्याबरोबर थेट केपटाउनास घेऊन आले. तेथील गव्हर्नरांनी त्यास शिक्षा तर केली नाहीच, उलट एक गाडी बक्षीस दिली.

लग्नानंतर नवराबायको बैलगाडीने उत्तरेकडे निघाली. केपटाउनपासून कुरुमान हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि वाटेत बराच भाग रखरखीत. तेथे बत्लापिंग नावाच्या त्स्वाना लोकांची वस्ती होती. मोथिबी हा त्यांचा राजा. गाई पाळणे व आमच्याकडील ज्वारीच्याच जातीचे धान्य पिकविणे हा त्यांचा जीवनक्रम. ग्रिकवाटाउन येथे 1821 च्या एप्रिलात मॉफटबाईंस पहिली मुलगी झाली. तिचे नावही मेरीच ठेविले. त्यानंतर हे कुटुंब बत्लापिंगांमध्ये कायमचे राहावयास गेले.

मॉफटबाई खाऊनपिऊन सुखी घरच्या. त्यांस घरची जमीन शेणाने सारवावी लागेल असे कोणी विलायतेत सांगितले असते तर त्यांस हसूच आले असते. प्रथम त्यांस किळस आली. पण धूळ बसते, पिसवा मरतात, हे पाहिल्यावर त्या आठवड्याच्या सारवणाची वाट पाहू लागल्या व माहेरी तसे कळविलेही. आमच्या वाचकांतील मातांस यात नवल वाटणार नाही. परक्या देशात घर कसे करावे हे बाई तेथील बायकांपासून शिकल्या, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

खरी अडचण पाण्याची होती. कुरुमान नदीचा उगम एका मोठ्या झऱ्यात आहे. रोज सुमारे 2 कोटी लिटर पाणी देणारा अशी त्याची ख्याती आहे, व तेथील लोक त्यास डोळा म्हणतात. पण पहिली वस्ती पाण्यापासून दूर होती. मिशनऱ्यांनी लांबून पाट खणून आणिला. तो बाईंच्या भाजीपाल्यापर्यंत पोहोचेपर्यंत वरच्या बाजूच्या बायका बांध फोडून पाणी आपल्या शेतात घेत. साहेब भर दुपारी किंवा मध्यरात्री फावडे घेऊन जात व बांध घालून येत; ते परतताच बांध पुन्हा फुटे. या प्रसंगी चरित्रकार त्या बायकांस चोर ठरवितात. आम्हांस तसे म्हणवत नाही. जमीन त्यांची, झरा त्यांचा, आणि त्यांची पिकेही तहानलेलीच होती. पाटाच्या पाळीवरून भाऊबंदांत कशी तंटेबखेडी होतात हे आमच्या खेड्यांतील पालकांस ठाऊकच आहे.

त्यात 1822 च्या सुमारास अवर्षण पडले. पाऊस पाडणारा एक मांत्रिक दुरून बोलाविण्यात आला. पाऊस येईना, तेव्हा दोष मिशनऱ्यांवर आला. एके दिवशी एक सरदार व काही शस्त्रधारी लोक त्यांच्या घरासमोर येऊन उभे राहिले. तुम्ही येथून निघून जा, नाहीतर बळाने घालवून देऊ, असा निरोप होता. सरदाराच्या हातात भाला होता. मॉफटसाहेबांनी जाकिटाची बटणे सोडून छाती उघडी केली, व आम्हांस घालवावयाचे तर मारूनच घालवा असे सांगितले. मागे झोपडीच्या दारात बाई तान्ही मुलगी कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्या किंचाळल्या नाहीत, आतही गेल्या नाहीत. सरदाराने आपल्या माणसांकडे पाहिले, मान हालविली, आणि सगळे निघून गेले. चित्रकारांनी या प्रसंगाची चित्रे काढिली आहेत. आमची दृष्टी त्यांत त्या दाराकडेच जाते.

पुढच्याच वर्षी, जून 1823 मध्ये, उपासमारीने व लढायांनी देशोधडीस लागलेल्या टोळ्या दिथाकोंगवर चालून आल्या. साहेबांनी अगोदर धावाधाव करून ग्रिकवा लोकांचे बंदूकधारी स्वार मदतीस आणिले होते. त्यांनी त्या टोळ्यांस मागे हटविले. यानंतरही मुलूख शांत नव्हता. साहेब दूरच्या राजांच्या भेटीस जात, आणि बाई मुलांसह मागे राहून रात्री दाराबाहेरच्या चाहुलीकडे कान देत. पुढे वस्ती हलवून झऱ्याखालच्या खोऱ्यात आणिली. दलदलीतील पाणी काढून तेथे मळे केले, झाडे लाविली. येथे जुना माळी कामास आला.

एवढे होऊनही धर्मकार्यास यश येईना. कारण उघड होते. उपदेश दुभाष्यामार्फत चाले आणि दुभाषी भलताच अर्थ सांगे. तेव्हा 1827 साली साहेब घर सोडून कित्येक आठवडे बारोलोंग लोकांच्या गुराढोरांत जाऊन राहिले, आणि सेत्स्वाना भाषा पक्की करूनच परतले. या दिवसांत बाईंस विलायतेतील एका मैत्रिणीने काय पाठवू असे विचारिले होते. एकाही माणसाचा बाप्तिस्मा झालेला नसता त्यांनी प्रभुभोजनाची पात्रे मागविली! पत्र जाण्यास महिने, सामान येण्यास त्याहून अधिक. अखेर 1829 मध्ये पहिले बाप्तिस्मे झाले, आणि पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती पेटी कुरुमानास येऊन पोहोचली.

लूककृत शुभवर्तमानाचे भाषांतर साहेबांनी 1830 साली केपटाउनास नेले. छापणारे मिळेनात, म्हणून ते स्वतः खिळे जुळविण्यास शिकले व पुढच्या वर्षी छापण्याचे यंत्र गाडीत घालून घरी आणिले. दगडी मंदिराच्या तुळयांसाठी तीनशे किलोमीटरहून दूर जाऊन बैलांनी लाकूड ओढून आणावे लागले. ते मंदिर नोव्हेंबर 1838 मध्ये उघडले. नवा करार 1840 साली लंडनात छापिला गेला. जुना करार 1857 साली कुरुमानातच पुरा झाला. अशा रीतीने आफ्रिकेतील त्या आडगावी संपूर्ण पवित्र शास्त्र सेत्स्वाना भाषेत तयार झाले.

या कामाचे मोल मोठे आहे; तरी त्यात उणे होते तेही सांगणे प्राप्त आहे. त्स्वाना लोकांस देवाची कल्पनाच नाही, असे साहेबांनी लिहून ठेविले. प्रत्यक्षात देव या अर्थी त्यांनी आपल्या भाषांतरात जो मोदिमो शब्द घातला तो त्या लोकांच्याच तोंडचा होता. बादिमो म्हणजे त्यांचे पूर्वज. तो शब्द साहेबांनी भुतांसाठी योजिला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची अशी संभावना झाली त्यांस काय वाटले असेल, याचा विचार अलीकडे त्स्वाना विद्वानांनीच पुढे आणिला आहे.

आता मुलांविषयी. या दांपत्यास दहा अपत्ये झाली. 1825 मध्ये एक मुलगा जन्मताच थोड्या दिवसांत गेला. 1839 साली कुटुंब विलायतेस निघाले तेव्हा जहाजावर गोवर होता. तेथेच एक मुलगी जन्मली आणि दोन-तीन दिवसांच्या आत सहा वर्षांचा जेम्स वारला. शिवाय दगडांखाली टाकून दिलेली एक त्स्वाना मुलगी घरी आणून त्यांनी आपल्यांत वाढविली. कुरुमानास शाळा बेताची, म्हणून मुलांस दूर ठेवणे भाग पडे. धाकट्यांस विलायतेस रवाना करण्याची वेळ आली तेव्हा साहेबांस भाषांतर सोडून निघता येईना. बाई स्वतः मुलांस घेऊन बैलगाडीने किनाऱ्यापर्यंत गेल्या, जहाज दिसेनासे झाले, आणि रिकामी गाडी घेऊन परत फिरल्या. त्या परतीच्या वाटेविषयी विचार करताना आमची लेखणी अडखळते.

लिव्हिंग्स्टनसाहेब 1841 साली कुरुमानास आले. 1844 मध्ये सिंहाने त्यांचा डावा हात फोडला, आणि ते विश्रांतीस मॉफटांच्या घरी राहिले. बागेतील बदामाच्या झाडाखाली त्यांनी थोरल्या मेरीस मागणी घातली, आणि 9 जानेवारी 1845 रोजी लग्न झाले. जावई मोठे धाडसी, हे खरे. पण गरोदर बायको व लहान मुले यांस घेऊन ते वाळवंट ओलांडू लागले. 1850 साली अशा एका प्रवासानंतर एक तान्हे बाळ दगावले. पुन्हा तोच बेत ठरतो आहे असे कळताच मॉफटबाईंनी जावयास खरमरीत पत्र लिहून कानउघाडणी केली. जावई ऐकणारे नव्हते. एप्रिल 1862 मध्ये झांबेझी नदीकाठी शुपांगा येथे लेक मेरी तापाने वारली, आणि त्याच वर्षी थोरला मुलगा रॉबर्टही गेला. म्हातारा-म्हातारी कुरुमानातच राहिली व मळा, शाळा, मंदिर ही कामे पूर्वीसारखी चालू राहिली.

मार्च 1870 मध्ये पन्नास वर्षांचे बिऱ्हाड मोडून दोघे विलायतेस निघाली. बाईंस हा प्रवास व नवी हवा सोसली नाही; 10 जानेवारी 1871 रोजी लंडनात ब्रिक्स्टन येथे त्यांचा अंत झाला. जिने त्रेपन्न वर्षे आपल्यासाठी प्रार्थना केली ती गेली, असा साहेबांचा शोक होता. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये जावयाचा दफनविधी झाला तेव्हा वृद्ध मॉफटसाहेब तेथे हजर होते. त्याच विधीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब वेनराइट हा आफ्रिकन तरुण होता. तो लिव्हिंग्स्टनसाहेबांच्या देहासोबत समुद्र ओलांडून आला होता, आणि त्याचे शिक्षण आमच्या नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात झालेले होते.

9 ऑगस्ट 1883 रोजी केंट परगण्यात मॉफटसाहेब निवर्तले. लंडनमधील नॉरवुड येथे त्यांस बाईंजवळच पुरण्यात आले. त्यांचा मुलगा जॉन स्मिथ मॉफट याने 1885 साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या नावात त्याने वडिलांबरोबर आईचेही नाव घातले आहे.