न्यायमूर्ती चंदावरकर

सर नारायण गणेश चंदावरकरांचे नाव आमच्या माळव्यात निघते ते इंदूरचे दिवाण म्हणून. पण ती दिवाणगिरी १९१३-१४ ची, अल्पकाळाची. त्याआधीची बारा वर्षे त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात काढली.

१८५५ साली होनावर येथे जन्मलेले हे वकील डिसेंबर १९०० मध्ये लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि १९०१ मध्ये न्यायमूर्ती! रानड्यांच्या मागे प्रार्थना समाजाची धुराही त्यांनी वाहिली.

कसोटी आली १९०९ मध्ये. कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळे पाणी झाले होते. अपील चंदावरकर व हीटन यांच्यापुढे आले. आम्ही गाणारे लोक शब्द सुरात बुडवून टाकतो; चंदावरकरांनी ते मराठीतच वाचले. नावे देवांची आणि शिवाजी महाराजांची, पण हाक इंग्रज राज्याविरुद्ध युद्धाची, असा अर्थ त्यांनी लावला. अर्थ खोटा नव्हता. म्हणूनच तो आरोपीला बाधला. अपील फेटाळले गेले. पुढच्याच महिन्यात नाशकात जॅक्सनचा खून झाला. १९१० च्या डिसेंबरात विनायकराव सावरकरांना जन्मठेप देणाऱ्या तिघा न्यायाधीशांतही चंदावरकर होते. त्याच वर्षी ते ‘सर’ झाले होते. लाहोरच्या अध्यक्षपदाला तेव्हा दहा वर्षे होत होती.

१९२१ मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे अध्यक्ष झाले. १९२३ च्या मे महिन्यात बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.