३३९३ खणांचा पतंग

टेलिफोन कोणी शोधला हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. पण त्याच अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने पुढे वीसेक वर्षं पतंगांच्या नादात घालवली, हे मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही.

बेलचा जन्म १८४७ चा, एडिंबराचा. आईला ऐकू येत नसे. तो स्वतः कर्णबधिरांचा शिक्षक झाला आणि बायको मेबल हीसुद्धा त्याची कर्णबधिर विद्यार्थिनीच. १८७६ साली, २९ व्या वर्षी टेलिफोनचं पेटंट मिळालं, पैसा आला. मग कॅनडात बॅडेक गावाजवळ, तळ्याकाठच्या टेकडीवर त्याने घर बांधलं आणि पतंग सुरू झाले.

त्या काळी सायमन न्यूकॉम्ब या बड्या शास्त्रज्ञाचा हिशोब असा होता : यंत्र सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट. म्हणजे मोठं विमान उडणं कठीणच. बेलने वेगळी वाट काढली. पतंग मोठा करायचाच नाही, छोटे खण एकमेकांना जोडत जायचं. मग वजन आणि कापड बरोबरीनेच वाढतं. पडघ्याला सबस्टेशनकडे जाताना विजेचे टॉवर बघा, सगळे त्रिकोणच त्रिकोण. त्रिकोणाचा आकार बिघडत नाही. बेलचा खण तसाच : सहा काड्यांचा चतुष्फलक, दोन बाजूंना रेशमी कापड. कापड शिवायला गावातल्या बायका. १९०५ च्या डिसेंबरात १३०० खणांच्या पतंगाने एक माणूस उचलला!

पण इंजिन बसवायचं तर एकट्याचं काम नव्हतं. १९०७ च्या ऑक्टोबरात मेबलने स्वतःचे २०,००० डॉलर घातले आणि पाच जणांचा ग्रुप झाला. साठीचा बेल, टोरांटोहून ताजे इंजिनिअर होऊन आलेले बाल्डविन आणि मॅककर्डी, मोटारसायकलची इंजिनं बनवणारा कर्टिस, आणि अमेरिकन लष्करातला लेफ्टनंट सेल्फ्रिज. (आपल्या फायनल इयर प्रोजेक्टसारखं एकाने राबायचं आणि बाकीच्यांनी सही करायची, असा प्रकार इथे नव्हता.)

६ डिसेंबर १९०७. ‘सिग्नेट’, खण ३३९३. आत सेल्फ्रिज पालथा झोपलेला, पुढे ओढायला आगबोट. पतंग १६८ फूट चढला, सात मिनिटं राहिला. मग वारा पडला आणि तो इतका अलगद पाण्यावर टेकला की आतल्या सेल्फ्रिजलाही पटकन कळलं नाही. बोटीच्या धुरात वरच्यांनाही दिसलं नाही. दोर वेळेवर तोडला गेला नाही आणि सगळे खण पाण्यातून फरफटत गेले, चुराडा झाला. सेल्फ्रिज गोठवणाऱ्या पाण्यातून पोहत वाचला. पुढच्याच सप्टेंबरात ऑर्व्हिल राइटच्या विमानात बसलेला असताना पंखा तुटून तो गेला. वय २६.

खरी अडचण खणांतच होती. जितके खण, तितका हवेचा अडथळा. इंजिनाची ताकद त्यातच संपायची. पोरांच्या हे लक्षात आलं आणि ती पंखांच्या विमानांकडे वळली. बेलने अडवलं नाही. २३ फेब्रुवारी १९०९ ला बॅडेकच्या गोठलेल्या तळ्यावरून मॅककर्डीने ‘सिल्व्हर डार्ट’ उडवलं. कॅनडातलं पहिलं विमान. त्याच आठवड्यात त्याच बर्फावर बेलचा इंजिनवाला पतंग जागचा उचललाच नाही.

मार्चअखेर ग्रुप ठरल्याप्रमाणे मोडला. बेल मात्र १९१२ पर्यंत खण जोडतच राहिला. १९२२ साली त्याच घरी तो वारला आणि त्याच टेकडीवर त्याला पुरलं.