मिरजेचे खाँसाहेब आणि तीन मिनिटांची ठुमरी

आम्हा सातारा-सांगलीकडच्या लोकांना ‘खाँसाहेब’ म्हटलं की उस्ताद अब्दुल करीम खाँच आठवतात. उत्तरेतल्या कैरान्यात १८७२ साली जन्मलेले खाँसाहेब मिरजेत राहिले आणि मिरजेचेच झाले.

रागाची सावकाश बढत करणारा हा गवई. पण रेकॉर्डची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी झिंझोटीतली विरहाची ठुमरी अशी गायली, की राग न कळणाऱ्याचाही जीव हलावा. तीच ठुमरी १९३५च्या ‘देवदास’मध्ये सैगलनी गायली. गदगचे भीमसेन जोशी लहानपणी खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून गुरूच्या शोधात घराबाहेर पडले आणि पुढे खाँसाहेबांचेच शागीर्द सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीला जाताना वाटेत, मद्रासजवळच्या सिंगपेरुमल कोईल स्टेशनवर त्यांचा इंतकाल झाला. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरसात तिथं त्यांच्या आठवणीत गाणं होतं, सगळ्या धर्मांचे गवई हजेरी लावतात.

आपल्या मुलांना सैगल आणि भीमसेन ही नावं कानावरून गेलेली असतात. पण दोघांच्या मागचा तो आवाज इथं मिरजेत विसावलाय, हे त्यांना कुणी सांगत नाही. उरसाला जाल तेव्हा ती कबर दाखवा, आणि घरी आल्यावर ती ठुमरी ऐकवा.